किमान वेतन : हजेरीपटावर आणि हजेरीपटाबाहेर

गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेस आमच्या घरी एक वाद झाला. एकत्र कुटुंबात वाद होणे ही नवलाची गोष्ट नव्हे, आणि प्रत्येक वाद या सदरात मांडावा असेही नाही. परंतु ज्या प्रश्नावरून हा वाद झाला तो आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी आज ना उद्या उपस्थित होणारच, म्हणून त्याची हकीकत प्रथम सांगतो.

आमच्याकडे धुणे-भांडी व केरवारा करण्यास गेली अकरा वर्षे एक बाई येतात. घरातील मुले त्यांस मावशी म्हणतात. या मावशींनी त्या दिवशी पगारात थोडी वाढ मागितली. आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे पडले की, वाढ द्यावी. मात्र गल्लीत जो दर चालतो त्याहून फार अधिक दिल्यास शेजारणी बोल लावतील. धाकटी सूनबाई बँकेत नोकरीस आहे. ती म्हणाली, “मामंजी, गल्लीचा दर विचारण्याऐवजी सरकारने ठरविलेला किमान दर काय आहे, तो का पाहू नये?” आमच्या धाकट्या बंधूंचा लहानसा छापखाना आहे. ते हसून म्हणाले, “सरकारी दर आमच्या हजेरीपटावरच्या सहा माणसांना लागतो तेवढा पुरे आहे. तो आणखी वाढला, तर बांधणीचे सगळे काम मी बाहेर घरोघर वाटून देईन. मग हजेरीपटही नको आणि इन्स्पेक्टरही नको.”

“म्हणजे काका, कायदा पाळावा लागू नये म्हणून माणसे लपवावयाची?” सूनबाईने विचारले.

“लपवीत कोण आहे?” बंधू म्हणाले. “छापील फर्म्यांच्या घड्या घालण्याचे काम बायका घरबसल्या करतात, दोन पैसे मिळवतात. मी दर वाढविला आणि पलीकडच्या छापखान्याने वाढविला नाही, तर काम त्याच्याकडे जाईल. मग त्या बायकांच्या हातात काय उरणार? दादा, तुम्हीच सांगा.”

दादांनी, म्हणजे आम्ही, शाळामास्तरांच्या जुन्या सवयीप्रमाणे आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कारण दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. आज जे लिहीत आहो, ते त्या आठ दिवसांतील वाचनाचे व विचाराचे फळ होय.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात मजुरीस ‘भृति’ म्हणतात. ‘भृ’ म्हणजे धारण करणे, पोसणे. भृत्य म्हणजे ज्याचे भरण करावयाचे तो. आणि भार्या हा शब्दही याच धातूपासून आलेला आहे. तेव्हा जिच्यावर माणसाचे भरण होत नाही ती रक्कम व्याकरणाच्या दृष्टीने भृति या नावास पात्र नाही. वेतन न देणे हा आमच्या स्मृतिकारांनी अठरा व्यवहारपदांपैकी एक वादविषय मानला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर असे सांगितले आहे की, ज्याचे वेतन आधी बोलून ठरलेले नाही अशा शेतमजुरास पिकाचा, गुराख्यास तुपाचा व व्यापाऱ्याच्या माणसास त्याने विकलेल्या मालाचा दहावा हिस्सा मिळावा. म्हणजे जेथे बोली झालेली नाही, जेथे दुबळ्या पक्षास बोलण्याची सोय नव्हती, तेथे राजाने एक आकडा घालून दिला. यावरून प्राचीन काळी सर्व श्रमिकांस न्याय मिळत होता असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्याच ग्रंथांत दास आहेत आणि विष्टि, म्हणजे वेठही आहे. आकडा लिहिला जाणे आणि तो हातात पडणे यांतील अंतर तेव्हाही होतेच.

भरणास किती लागते याचा हिशेब आधुनिक काळातही झालेला आहे. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने कामगार, त्याची पत्नी व दोन मुले मिळून तीन प्रौढांइतका खर्च धरला. प्रत्येकी २७०० कॅलरी अन्न, कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के, अशी मोजणी ठरविली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण इत्यादींसाठी आणखी पंचवीस टक्के धरावे असे सांगितले. या मोजणीत चैनीची एकही वस्तू नाही, हे आमच्या वाचकभगिनींच्या लक्षात आलेच असेल.

आता बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. सरकारने किमान दर वाढविला म्हणजे हजेरीपटावरचे काम हजेरीपटाबाहेर जाते काय? अर्थशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके सांगतात की, जाते. वस्तू महागली की खप घटतो, तसेच मजूर महागला की मागणी घटते. ज्यांस नोंदलेल्या जागेतून काढले ते लोक बाहेरच्या अंगणात येतात. अंगणात गर्दी झाली म्हणजे तेथील मजुरी आणखी उतरते. अशा रीतीने थोड्यांचे कल्याण होऊन बहुतांचे अकल्याण होते. ही विचारसरणी ऐकावयास सरळ आहे. परंतु ती सर्वत्र खरी ठरते की नाही हे तर्काने नव्हे, प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवरून पाहिले पाहिजे.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस क्रॅडली हीथ नावाचे गाव आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथील बायका घराच्या परसात लहानशी भट्टी मांडून लोखंडाच्या साखळ्या घडवीत. मध्यस्थाकडून सळई आणावयाची, कड्या वळवून जोडावयाच्या, आणि तयार साखळी त्यास परत नेऊन द्यावयाची, असा तो धंदा होता. भात्याजवळ मूल निजलेले आहे आणि आई ऐरणीवर घण मारीत आहे, असे तेथील चित्र. कारखाना नाही, हजेरीपट नाही, मालक समोर दिसत नाही. आमच्या बंधूंच्या बांधणीकाम करणाऱ्या बायका आणि या बायका यांत काम वेगळे, स्थिती तीच. १९०९ साली ब्रिटिश पार्लमेंटाने अशा चार धंद्यांसाठी कायदा करून वेतनमंडळे नेमली. १९१० साली साखळीधंद्याच्या मंडळाने तासास अडीच पेनी असा किमान दर ठरविला. पुष्कळ बायकांच्या मिळकतीच्या तो जवळजवळ दुप्पट होता.

मालकांनी काय केले? कायद्यात अशी एक फट होती की, कामगाराने लेखी संमती दिल्यास सहा महिने जुना दर चालू ठेवता येई. मालकांनी तसे कागद छापले आणि बायकांसमोर ठेवले. पुष्कळींस लिहितावाचता येत नव्हते. आपण कशावर निशाणी करीत आहो हे न समजता त्यांनी निशाण्या केल्या, आणि कायद्याने दिलेला हक्क आपल्याच हाताने सोडून दिला. तेव्हा मेरी मॅकार्थर या बाईंनी त्यांस संघटित केले. दहा आठवडे भट्ट्या बंद राहिल्या. देशभरातून वर्गणी आली. शेवटी एकेका मालकाने नवा दर मान्य केला. पुढे १९१४ साली आर. एच. टॉनी या इतिहासकाराने या धंद्याची पाहणी करून पुस्तक लिहिले. दर वाढल्याने मोठी बेकारी येईल अशी जी भीती घातली जात होती ती खरी ठरली नाही, असे त्यास आढळले.

ती खरी का ठरली नाही, हे समजणे महत्त्वाचे आहे. दर एका मालकास नव्हे, सर्वांस लागू झाला. त्यामुळे ‘पलीकडचा छापखाना’ उरलाच नाही. जो मालक स्वस्त मजुरीवर बाजारभाव पाडीत होता, त्याचे ते हत्यार गेले. आणि बायका एकजुटीने उभ्या राहिल्या, त्यामुळे निशाणीचा कागद निरुपयोगी झाला.

याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट आपल्या देशातील आहे. बिडीचा धंदा पहिल्यापासून दोन ठिकाणी चालतो. कारखान्याच्या छपराखाली आणि घराच्या ओट्यावर. पाने व तंबाखू ठेकेदाराने घरी पोचवावयाची, हजार बिड्यांमागे मजुरी ठरवावयाची आणि खराब म्हणून काही बिड्या बाजूस काढून त्यांचे पैसे कापावयाचे, ही रीत सिन्नर, सोलापूर, निपाणी या बाजूच्या वाचकांस सांगावयास नकोच. १९६६ साली बिडी-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बिडी वळणारीही त्यात आली. केरळ सरकारने १९६८ साली तो अंमलात आणावयास घेताच मंगळूरकडील मोठ्या व्यापाऱ्यांनी कण्णूर भागातील आपली कामे बंद केली. शेजारच्या राज्यात ठेकेदारांमार्फत तेच काम होऊ शकत होते, मग येथे अधिक खर्च कोण करणार? सुमारे १२ हजार माणसांचे काम एका झटक्यात गेले. येथे आमच्या बंधूंचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. छपराखालचे काम मागच्या दाराने निघून गेले.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारच्या भांडवली साहाय्याने त्याच कामगारांची सहकारी संस्था निघाली. दिनेश बिडी हे तिचे नाव. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा, हे सर्व देऊन ती चालली, आणि एके काळी तीत ३० हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. ओळीने बसून बिड्या वळणाऱ्यांस एकजण वर्तमानपत्र वाचून दाखवी, ही तेथील प्रसिद्ध पद्धत. पुढे धूम्रपान घटले, आणि ते घटले हे चांगलेच झाले. संस्थेने छत्र्या व खाद्यपदार्थ यांकडे मोर्चा वळविला. तात्पर्य असे की, दर देऊन धंदा चालविणे अशक्य नव्हते. पण केवळ दर ठरवून सरकार स्वस्थ बसते तर ते १२ हजार लोक रस्त्यावरच राहते.

आमच्या महाराष्ट्रातील एक अनुभवही सांगितला पाहिजे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेत मागेल त्यास काम असे सरकारचे वचन होते. १९८८ साली शेतमजुरीचे किमान दर जवळजवळ दुप्पट झाले, आणि त्याबरोबर योजनेवरील मजुरीही वाढवावी लागली. वाढ न्याय्यच होती. परंतु त्यानंतर योजनेवरील कामाचे दिवस घटले. मागणी असूनही कामे पुरेशी निघेनात, असे अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून दाखविले आहे. येथे मालक कोणी नफेखोर नव्हता, खुद्द सरकार होते. मजुरी वाढली, पण त्या मानाने तिजोरीची थैली मोठी केली नाही, तेव्हा आतल्या माणसास अधिक मिळाले आणि दाराशी उभ्या असलेल्यास ‘उद्या या’ असे उत्तर मिळाले.

तेव्हा ‘किमान वेतनाने नोकऱ्या जातात’ हे म्हणणे जसे सर्वस्वी खरे नाही, तसेच ‘कधीच जात नाहीत’ हेही खरे नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानाने १९९२ साली किमान दर तासास सव्वाचार डॉलरांवरून पाच डॉलर पाच सेंटांवर नेला, तेव्हा खाणावळींतील नोकऱ्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेने घटल्या नाहीत, असे कार्ड व क्रूगर या दोघा पंडितांनी दाखविले. कार्ड यांस २०२१ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु तेथे बहुतेक सर्व कामगार हजेरीपटावरच होते. आपल्या देशातील स्थिती निराळी. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००४-०५ च्या आकड्यांवरून सांगितले की, शंभर कामकऱ्यांपैकी सुमारे ९२ असंघटित, म्हणजे कोणत्याही संरक्षणावाचून काम करणारे आहेत. जेथे घराच्या एका खोलीस दार आणि बाकी सर्व अंगण उघडे, तेथे खोलीचा नियम अंगणात काय करतो हाच खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर ब्राझील देशाकडून येते. तेथे १९३२ पासून कामगारास एक वही मिळत असे (हल्ली ती मोबाइलवर असते). मालकाने त्या वहीवर सही केली म्हणजे तो कामगार कायद्याच्या छत्राखाली आला. सही नाही तो बाहेर. किमान वेतन तेथे १९४० साली लागू झाले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाहता दर वाढला की बिनसहीच्या लोकांची मजुरी उतरावयास हवी. परंतु तेथील अभ्यासकांस पुन्हा पुन्हा असे दिसले की, बिनसहीच्या लोकांची मजुरीही त्याच आकड्याच्या आसपास येऊन थांबते. कायदा त्यांस लागू झाला नाही, तरी आकडा त्यांच्या तोंडी आला. “निदान इतके तरी द्या,” असे म्हणावयास एक आधार मिळाला. तेथील अर्थशास्त्रज्ञ यास दीपस्तंभ म्हणतात. दीपस्तंभ कोणाची नाव ओढून किनाऱ्यास आणीत नाही, पण किनारा कोठे आहे ते दाखवितो.

दक्षिण आफ्रिकेत २००२ साली घरकाम करणाऱ्या बायकांसाठी प्रथमच किमान वेतन ठरले. घरोघर जाऊन कोण तपासणार, असे सर्वांनी म्हटले, आणि तपासणी झाली नाहीच. तरी बायकांचे पगार वाढले. आणि निदान पहिल्या काही काळात तरी कामे घटल्याचे आढळले नाही. त्याच देशात पुढच्याच वर्षी शेतमजुरांसाठी दर ठरला, तेव्हा मात्र मजुरी वाढली पण मजूर कमी झाले. म्हणजे प्रत्येक धंद्याची प्रकृती वेगळी. आणि ब्राझीलचीच दुसरी बाजू सांगावयाची तर, २०१५ च्या कायद्याने आठवड्यातून दोनहून अधिक दिवस येणाऱ्या घरकामगारास नोकर मानून वहीवर सही करणे भाग केले, तेव्हा पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनी दोनच दिवस येणारी बाई पसंत केली. मागचे दार केवळ कारखानदारच उघडतो असे नाही.

आपल्याकडील कायद्याचे पाहू. १९४६ साली, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सदस्य असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. आमच्या बंधूंस ठाऊक नसलेली एक गोष्ट आम्हांस त्यात सापडली. माल घरी नेऊन काम करून देणाऱ्या माणसासही त्या कायद्याने कामगार मानले होते. म्हणजे फर्म्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका कायद्याबाहेर नव्हत्याच; त्या केवळ नजरेबाहेर होत्या. तो कायदा आता उरलेला नाही. २०१९ ची वेतनसंहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अंमलात आली आणि तिने किमान वेतनाचा हक्क ठरावीक धंद्यांपुरता न ठेवता सर्वत्र पसरविण्याचा उद्देश धरला आहे. तथापि ‘आस्थापना’ या शब्दाच्या व्याख्येत तुमचे-आमचे स्वयंपाकघर सरळ बसत नाही. तेव्हा मावशींचा प्रश्न शेवटी आपल्या दाराशीच राहतो.

हजेरीपटावर नाव असले म्हणजे सर्व काही झाले, असेही आमच्या वाचकांनी समजू नये. ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी एका विनाअनुदान शाळेत आम्ही शिक्षक म्हणून लागलो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. महिन्याच्या अखेरीस कारकून पगारपत्रक पुढे करी. त्यावर सरकारी श्रेणीची पूर्ण रक्कम लिहिलेली असे. आम्ही तिकिटावर सही करीत असू, आणि पाकिटात त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम निघे. चार वर्षे आम्ही अशी सही केली. वर्गात मुलांस सत्याचे पाठ द्यावयाचे आणि महिन्यातून एकदा खोट्यावर नाव लिहावयाचे, याची लाज आजही गेलेली नाही. आम्ही गप्प का बसलो? कारण आमच्या जागेसाठी अर्ज करून बसलेले दहाजण आम्हांस माहीत होते, आणि घरी खाणारी सहा तोंडे होती. पुढे अनुदान मिळाले तेव्हाच ती प्रथा बंद पडली. कायद्याचा आकडा, मोजून देणारा हात आणि मागण्याचे बळ, या तिहींपैकी एकाची उणीव असली तरी कागद व पाकीट यांत अंतर पडते.

मागण्याचे बळ नसलेल्यांस ते कसे मिळावे, याचे एक उदाहरण आमच्याच राज्यात आहे. बाजारपेठेतील हमाल व माथाडी यांस पूर्वी ना मालक ठरलेला, ना मजुरी. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी, कामगार व सरकार यांचे मिळून मंडळ. कामगाराची नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवरील जादा आकार मंडळात भरावयाचा, मंडळाने ती कामगारास द्यावयाची व त्यातून निधी, रजा, औषधोपचार यांची सोय करावयाची. मालक रोज बदलला तरी हजेरीपट एकच राहिला. त्या मंडळांतही पुढे पुष्कळ दोष शिरले असे ऐकतो. परंतु कल्पना क्रॅडली हीथचीच. पेठेत सर्वांस एकच दर असला की प्रामाणिक व्यापाऱ्यास प्रामाणिकपणाचा दंड पडत नाही.

आठ दिवस पुरे झाले तेव्हा आम्ही घरच्या मंडळींस बसवून हे सर्व सांगितले. बंधूंस म्हटले, “तुमची भीती खोटी नाही. एकट्याने दर वाढविणे कठीण आहे. पण म्हणून सर्वांनी मिळून वाढवू नये असे कोठे ठरते?” ते तात्काळ राजी झाले असे लिहिणे खरे होणार नाही. एका बाईस एक हजार फर्म्यांच्या घड्या घालण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहीन, आणि ताशी किती पडते ते काढून छापखानेवाल्यांच्या बैठकीत मांडीन, इतके त्यांनी कबूल केले. पुढे काय होते ते पाहावयाचे.

मावशींचा हिशेब सूनबाईने केला. बंधूंच्या हजेरीपटावरील सर्वांत खालच्या मदतनिसाचा महिन्याचा किमान दर घेतला. तो सव्विसांनी भागून दिवसाचा, व आठांनी भागून तासाचा दर काढला. मावशी आमच्याकडे सकाळी दीड तास व संध्याकाळी पाऊण तास असतात. त्या मानाने महिन्याची रक्कम मांडली, तेव्हा आम्ही देत होतो ती तिच्या तीन-पंचमांश भरली. अकरा वर्षे ज्या घरात आम्ही रोज गीतेचा अध्याय म्हणतो, त्याच घरात आम्ही हे केले. आणि मावशींनी मागितलेली वाढ या फरकाच्या चौथाईही नव्हती.

थोरल्या चिरंजीवांनी त्याच महिन्यात भांडी धुण्याच्या यंत्राची चौकशी केली होती. पाठ्यपुस्तकातील भीती आमच्याच स्वयंपाकघरात उभी आहे, हे पाहून सर्व गप्प झाले. शेवटी आमचे कुटुंब म्हणाले, “द्यायचेच तर पुरते द्यावे. शेजारणी विचारतील तर मी हिशेब दाखवीन.” यंत्र तूर्त राहिले. ते कधीच येणार नाही असे वचन आम्ही देऊ शकत नाही. परंतु मावशींचा पगार चोरून वाचविण्यासाठी ते येणार नाही, इतके ठरले.

चालू महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही एक शंभर पानी वही आणली. तीत कामे, वेळ, महिन्याची रक्कम, महिन्यातील चार पगारी सुट्या व दिवाळीची रक्कम लिहिली, आणि मावशींस बोलावून वाचून दाखविली. त्यांनी प्रथम संशयाने पाहिले. नंतर पदरास हात पुसून विचारले, “सही कुठं करू?”

आम्हांस त्या जुन्या पगारपत्रकाची आठवण झाली. आम्ही सांगितले, “मावशी, सही तुम्ही करावयाची नाही, आम्ही करावयाची. आणि वही तुमच्याजवळ राहील.” आम्ही तारीख घालून सही केली. त्यांनी आकडा पुन्हा एकदा स्वतः वाचला, वही पिशवीत ठेवली आणि नेहमीप्रमाणे भांडी घासावयास गेल्या.

वाचकांस आमची विनंती इतकीच की, येत्या पहिल्या तारखेस भागाकार-गुणाकाराचा हा हिशेब प्रत्येक घरी एकदा करून पाहावा. तो करण्यास बँकेतील सूनबाईच हवी असे नाही. पाचवीतील मुलासही तो येईल. ज्यांनी केला त्यांनी उत्तर काय आले ते आम्हांस अवश्य कळवावे, म्हणजे पुढे कधी या विषयाकडे पुन्हा वळता येईल.